चूलबंद आवतन

भूक हा मानवजातीचा आद्य शत्रू असून त्याचा शेवट पिंपळमळ्यातूनच होणार आहे, अशी घोषणा मोहनरावांनी जुन्या दूध डेअरीच्या ओट्यावर उभं राहून केली. समोर अन्नपूर्णा मंडळाचे सभासद होते आणि कोपऱ्यात दोन शेळ्या होत्या. टाळ्या पडायच्या आतच मोहनरावांनी मान मागं वळवून विचारलं, "रंगूबाई, आज भाजी कसली हाय?"

"चवळी," आतून आवाज आला.

"मग आटपतं घेऊ," मोहनराव म्हणाले आणि मानवजातीचा विषय तेवढ्यावर मिटला.

पिंपळमळा बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. कौतुक करायचं असलं की दोन्ही तालुके त्याला आपलं म्हणतात, आणि रस्ता करायचा असला की दोघंही त्याला शेजाऱ्याचं म्हणतात. गावाला कालव्याचं पाणी आहे, उसाला कारखाना आहे, पोरांना लोणी देवकरच्या कंपन्या आहेत. अशा गावात उपाशी माणूस सापडणं अवघड. एक तर तो स्वतःच कबूल होत नाही. ज्याच्या चार एकर उसाला पाणी चालू आहे तो दुपारी चहात बटर बुडवून जेवण भागवतो, असं कुणी कुणाला सांगायचं? मुलगा पुण्यात, सून पुण्यात, नातवंडं मोबाइलमध्ये. मागं राहिलेली म्हातारी एका जिवासाठी चूल काय पेटवायची म्हणून कालची भाकरी खाते, आणि कालची संपली की परवाचीची आठवण काढते.

अशी वीसेक म्हातारी माणसं मंडळानं शोधून काढली होती. त्यांना रोज दुपारचा डबा जाई. डेअरीच्या खोलीत रंगूबाई स्वयंपाक करी, आणि डबे भरायच्या आधी अध्यक्ष या नात्यानं मोहनराव चव बघत.

चव बघण्याची त्यांची पद्धत शास्त्रीय होती. एका घासात मीठ कळतं, पण तिखट कळायला दुसरा घास लागतो. भाकरी भाजली का नाही हे कडेला कळत नाही, पार मधोमध जावं लागतं. शिवाय आमटी भाकरीबरोबर कशी लागते आणि भाताबरोबर कशी लागते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळ्या प्रश्नांचा निकाल लागला की मोहनराव "बरी हाय" असा शेरा देत, ढेकर देत आणि हात धूत.

मोहनरावांच्या पत्नी कौसल्याबाई, त्यांना जाऊन चार वर्षं होत आली होती. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर काचेची, चार बर्नरची शेगडी होती. मुलानं, दिग्विजयनं, पुण्याहून वडिलांसाठी पाठवलेली. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघाला नव्हता. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, त्यानंतरच्या एका सकाळी मोहनरावांनी चहासाठी साखरेचा डबा काढला तर त्यात रवा निघाला. दुसऱ्यात तीळ. तिसऱ्यात हरभऱ्याची डाळ. सगळे डबे सारखे, नाव कशावरच नाही. जिला माहीत होतं तिला नावाची गरज नव्हती. त्यांनी सगळे डबे उघडले, होते तसे परत लावले आणि चपला घालून बाहेर पडले. त्याच महिन्यात अन्नपूर्णा मंडळाची स्थापना झाली.

या दोन गोष्टींचा संबंध गावानं कधी जोडला नाही. रंगूबाईनं जोडला असावा, पण तिनं बोलून दाखवला नाही. पीठ मळताना ती फक्त दोन भाकऱ्यांचं जास्त घेई.

आता मंडळ बंद पडायला आलं होतं. दोन्ही तालुक्यांकडं अर्ज करून झाले. दोन्हीकडून "आपले गाव आमच्या हद्दीत येत नाही" असं उत्तर आलं, त्यामुळे गाव नेमकं कुठं आहे हा एक नवाच प्रश्न उभा राहिला. "मंडळ बंद पडलं तर ह्या म्हाताऱ्यांनी खायाचं काय?" असं मोहनराव सभेत विचारत तेव्हा त्यांचा आवाज खरोखर भरून येई. पोटातून आलेला आवाज तसाच असतो.

तोडगा काढला तो निकितानं. निकिता सरपंचांची सून, मंडळाची सचिव, बारामतीला कॉलेजात शिकवणारी.

"तात्या, पुण्यात असं करतात," ती म्हणाली. "एक साधं जेवण ठेवायचं. ताटाला पाचशे रुपये. लोक पाचशे देतात, पन्नासाचं जेवतात. उरलेले पैसे कामाला."

"पाचशेला साधं?"

"मुद्दामच साधं. उपाशी माणूस काय खातो ते कळावं म्हणून."

"आन लोक येत्यात?"

"गाड्या घेऊन येतात."

"पुन्याचं मला काय नवल वाटंना," मोहनराव म्हणाले. पण दुसरा उपाय नव्हता. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, असा रोजच्या डब्यातलाच बेत ठरला. माणसं शंभर. पिवळ्या कागदावर कुपनं छापून आली: 'भूकमुक्त पिंपळमळा. एक ताट. रु. ५००.' ती घरोघर जाऊन विकायचं काम सर्जेरावांकडं दिलं.

चूक झाली ती इथं. पण दुसऱ्या कुणाकडं देणार? पिंपळमळ्यात लग्न असो, बारसं असो, आवतन द्यायला जायचे ते सर्जेरावच. त्यांनी दारात उभं राहून "या बरं का" म्हटलं की आजारी माणूस उठून बसायचा. आवतनाचे दोन प्रकार. साधं असलं तर घरटी एक माणूस. आणि मोठं असलं तर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. तान्ह्या पोरापासून आल्यागेल्या पाहुण्यापर्यंत सगळं घर यजमानाकडं जेवायला. चूलबंद आवतन घेऊन जो घरी चूल पेटवील त्यानं यजमानाच्या तोंडावर "तुझ्यानं आमचं पोट भरायचं न्हाय" असंच म्हटल्यासारखं. यावरून गावात एक सोयरीक मोडलेली आहे, आणि चूल तर नुसती दुधासाठी पेटवली होती.

सर्जेराव पहिल्या दारात उभे राहिले. "रविवारी जेवायला या" इथपर्यंत जीभ बरी चालली. "पाचशे रुपये द्या" म्हणायला ती वळेना. त्यांनी पाणी मागून घेतलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. ज्या तोंडानं जेवायला बोलवायचं त्याच तोंडानं पैसे मागायचे, हे त्यांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. शेवटी त्यांनी कुपन त्या घरच्या बाईच्या हातात दिलं आणि जिभेला सवयीचं होतं ते बोलून मोकळे झाले. "चूलबंद हाय बरं का, वैनी. सगळ्यांनी यायचं."

मग सगळ्याच दारांत तसं झालं. कुपनं संपली तेव्हा बिनकुपनाचं. डबे जाणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं मात्र त्यांनी सोडली. रोजचीच खाणारी माणसं, त्यांना आवतन काय द्यायचं? आणि निकितानं विचारलं तेव्हा सर्जेराव "वाटली समदी" एवढंच म्हणाले. ते खरंच होतं.

लोकांनी कुपन उलटसुलट करून वाचलं. पाचशे रुपये मागितलेत असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आवतनाच्या कागदावर आकडा छापलाय म्हणजे ताट तेवढ्याचं आहे, हे उघड होतं. पाचशेच्या ताटात काय काय असू शकतं यावर पारावर चर्चा झाली. लोणी देवकरला कंपनीत असलेला युवराज गावच्या ग्रुपवर लिहून गेला की भिगवणहून मासे सांगितलेत, मटण वेगळं. कुठून कळलं, असं विचारायचा त्या ग्रुपवर रिवाज नाही. रविवारी सकाळी गावानं पोट मोकळं ठेवलं. चहासुद्धा अर्धा अर्धा घेतला.

रविवारी मोहनराव समाजमंदिरात आले ते चांगलेच भुकेलेले. तयारीच्या गडबडीत आदल्या दिवशी डबे बंद होते. म्हाताऱ्यांना चिवड्याच्या पुड्या वाटल्या होत्या, आणि चिवड्याची चव बघायची सोय नसते. पण ते भुकेले आहेत हे आज कुणाला कळायचं कारण नव्हतं. आल्याबरोबर त्यांच्या गळ्यात हार पडला आणि त्यांना पंगतीच्या पार टोकाला, भिंतीकडेला, मानाच्या पानावर बसवण्यात आलं.

पिंपळमळ्याच्या समाजमंदिराला दोन दारं आहेत. एक उघडत नाही आणि दुसरं बंद होत नाही. उघडं दार मोहनरावांच्या अगदी समोर, पण मधे पुरुषांच्या पाठीला पाठ लावलेल्या रांगा. दाराबाहेर दुसऱ्या पंगतीला थांबलेल्या बायका आणि पोरं. रीत अशी, की वाढलेल्या पानावरून उठायचं नाही. रीत अशीही, की मानाच्या पानावरच्या माणसानं जयघोष केल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही.

पानं वाढून होत आली. मोहनरावांनी पिठल्याकडं पाहिलं. लसणाचा वास थेट मेंदूत गेला. ते जयघोषासाठी छाती भरून घेत होते, तेवढ्यात मागं कुणी तरी भिंतीला घासत वाकून आलं. रंगूबाई.

"तात्या, मानसं किती बोलावलीती?"

"शंभर."

"बसल्यात त्येच दोनशे हायती. आन दाराबाहेर बघा."

मोहनरावांनी दाराकडं पाहिलं. दारात बायका होत्या, बायकांच्या मागं बायका होत्या. कडेवर पोरं होती. कुणाकडं तरी आलेले फलटणचे पाहुणे होते.

"सर्जेराव!" मोहनराव दबक्या आवाजात म्हणाले.

सर्जेराव शेजारच्याच पानावर बसले होते. त्यांनी पिठल्यात मान घातली. "चूलबंद दिलं," ते म्हणाले.

"काय?"

"तोंडातनं तसंच गेलं. आता म्हाताऱ्या तोंडाला नवीन काय शिकवतोस?"

"आन कुपनाचं पैसे?"

"जेवायला बलवायचं आन पैसं मागायचं? मी काय हाटेलवाला हाय?"

दारापाशी निकिता पैशाची पेटी घेऊन उभी होती. येणारा प्रत्येक जण तिला नमस्कार करून पेटीला वळसा घालून आत येत होता. एकानं पेटीत कुपन टाकलं होतं.

"भाकरी कितीजनांस पुरंल?" मोहनरावांनी रंगूबाईला विचारलं.

"पिठल्याला पानी वाढवून भागंल. भाकरी एकेकीवर थांबलं तर बसल्याल्यांना. पर थांबतंय कोन? सकाळपासनं पोटं धरून बसल्यात."

मोहनरावांना आपण कुठं बसलो आहोत ते आता नीट कळलं. त्यांनी जयघोष केला की दोनशे हात पानाला लागणार. हात लागले की भाकरी संपणार. संपली की "भाकरी, भाकरी" असा गजर होणार, आणि आज गावात एकही चूल पेटलेली नाही. पेटवताही येत नाही. भूकमुक्तीच्या जेवणाला अध्यक्षांनी अख्खं गाव उपाशी धाडलं, हे पुढची पन्नास वर्षं सांगितलं गेलं असतं. मग कसलं मंडळ आणि कसला डबा. उद्या दुपारी डेअरीच्या खोलीला कुलूप, आणि घरी ते सारखे डबे.

जयघोष केला नाही, तर मात्र यातलं काहीच होणार नव्हतं.

"जयघोषाआधी," मोहनराव बसल्या जागेवरून म्हणाले, "दोन शब्द बोलणं मी माझं कर्तव्य समजतो."

दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला.

मोहनराव भुकेवर बोलले. भुकेचे प्रकार सांगितले. मधेच त्यांनी माहिती नसलेली आकडेवारी दिली. बोलता बोलता रोजच्या सवयीनं त्यांचा उजवा हात चव बघायला पिठल्याकडं निघाला. त्याबरोबर दोनशे हात आपापल्या पानाकडं निघाले. त्यांनी हात मागं घेतला. दोनशे हात मागं गेले. पुढं त्यांनी हात मांडीखाली दाबून भाषण चालू ठेवलं.

पिठल्यावर साय धरली. मग सायीला भेगा पडल्या.

"तात्या," रांगेतून युवराज म्हणाला, "भूक म्हंजे काय ते आता समद्यांस्नी कळलंय. घ्या जयघोष."

"आजून मुद्द्यावर आलो न्हाय."

"ते पाचशेचं ताट ह्येच, का आजून यायचंय?"

"ह्ये पयलं वाढप असंल," शेजारचा म्हणाला. "मासं मागनं येत्यात. काट्याचं काम हाय."

मोहनरावांच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या. हाराच्या झेंडूचाही वास त्यांना खाण्यासारखा येऊ लागला होता. उठावं तर पान वाढलेलं, बसावं तर शब्द संपत आलेले. बोलता बोलता ते पुराणकाळापर्यंत मागं गेले. त्याच्या मागं आणखी जागा नव्हती. मागून रंगूबाई म्हणाली, "तात्या, आमी तीन तव्यावर टाकायलोय. रात व्हईल."

आणि तेवढ्यात दारात आरडाओरडा झाला. बायकांची गर्दी फाकली आणि काठी टेकत छबूबाई आत आल्या. ऐंशीच्या पुढच्या, ओढ्याकडेच्या घरात एकट्या राहणाऱ्या. मंडळाचा पहिला डबा त्यांचाच.

"मोहना!" त्या म्हणाल्या. पंगतीत माना वळल्या. "गावाला चूलबंद दिलंस म्हनं?"

"काकी, बसा की."

"कशी बसू? मला आवतन कुठाय? मी ह्या गावात सून हून आले तवापास्नं माजं एक आवतन चुकलं न्हाय. तुज्या बापाच्या लग्नाला आवतन हुतं मला. आन आज? आमी मेलो म्हनून काढलं का गावातनं?"

"तसं न्हाय वं काकी," सर्जेराव म्हणाले, "तुमाला रोजचंच..."

"तू गप रं! रोजचा डबा दाराला अडकवून जात्यात. डब्याला 'या' कोन म्हनतं?" काठी सर्जेरावांच्या पानावर रोखलेली होती. "काल डबा न्हाय. आज आवतन न्हाय. आता मी काय करायचं, सांग की. घरी जाऊन चूल पेटवू?"

पंगतीतल्या माना खाली वळल्या. मोहनरावांनी मात्र मान वर केली. भुकेल्या माणसाचं डोकं कधी कधी फार झटपट चालतं.

"काय म्हनला काकी?"

"चूल पेटवू का म्हनलं."

"पेटवा."

"आं?"

"तुमाला आवतनच न्हाय, मग तुमची चूल बंद कशी?" मोहनराव पंगतीकडं वळले. "सांगा की मंडळी. जिला आवतन न्हाय तिनं चूल पेटवली तर रीत मोडती का?"

पंगतीतल्या जुन्या माणसांनी यावर विचार केला. एकानं मोडलेल्या सोयरिकीचा दाखला काढला. तिथं आवतन गेलं होतं, इथं गेलेलं नाही, असा फरक दुसऱ्यानं दाखवला. कायदा निर्दोष होता. छबूबाईंचीच काय, डबा जाणाऱ्या वीसही घरांची चूल आज रीतीनं उघडी होती.

"मग बायकांनी आपापल्या घरनं पीठ न्यायचं आन त्या चुलींवर भाकरी टाकायची," मोहनराव म्हणाले. "पीठ नेलं म्हंजे काय चूल पेटवली न्हवं."

दारातल्या बायकांत हालचाल सुरू झाली. पण छबूबाईंनी काठी आडवी धरली.

"थांबा. आधी आवतन."

"देतो की काकी. सर्जेराव, द्या..."

"तात्या!" निकिता दारातून ओरडली. "आवतन दिलं की त्यांची चूल बंद!"

सर्जेरावांचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. चूल उघडी ठेवावी म्हटलं तर रुसवा जात नव्हता, आणि रुसवा काढावा म्हटलं तर चूल बंद होत होती.

"भाकरी झाल्यावर आवतन," मोहनराव काकुळतीनं म्हणाले. "वाजतगाजत देतो काकी. पर आधी भाकरी."

छबूबाईंनी पंगतीवरून सावकाश नजर फिरवली. इतकी माणसं त्यांच्या होकाराची वाट बघत बसली होती, असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी घाई केली नाही.

"चूल आमची, तर जेवानबी आमचं," त्या म्हणाल्या. "आन आमचं जेवून बिनआहेराचं कुनी जायचं न्हाय. मी मागंन त्यो आहेर."

"दिला," मोहनराव म्हणाले. काय मागणार ते त्यांनी विचारलं नाही. पिठल्यापलीकडचं त्यांना काही दिसत नव्हतं.

"मग चला गं," छबूबाई म्हणाल्या.

बायका गेल्या. पंगत बसून राहिली. खिडकीतून ओढ्याकडचा भाग दिसत होता. बऱ्याच वेळानं छबूबाईंच्या पत्र्यावर धूर दिसला, मग पलीकडच्या घरावर, मग वरच्या आळीला. कुठं चूल होती, कुठं गॅस, कुठं नुसत्या तीन विटा. "आपल्या गावात एवढी घरं रिकामी हायती व्हय?" युवराज म्हणाला. "रिकामी न्हाईत," शेजारचा म्हणाला.

नियम काटेकोरच लावायचा, तर मोहनरावांनाही कुणी आवतन दिलं नव्हतं. यजमानाला कोण देणार? म्हणजे त्यांचीही चूल आज उघडी होती, आणि ती तर चार बर्नरची. पण तिकडं कुणी गेलं नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोहनरावांच्या आलं, आणि त्यांनी मान खाली घालून पिठल्याच्या भेगा मोजल्या.

बायका परत आल्या तेव्हा प्रत्येकीच्या डोक्यावर टोपलं होतं. जाताना त्यांची बडबड गावभर ऐकू येत होती. येताना कुणी फारसं बोलत नव्हतं. पीठ मळायला परात शोधताना त्यांनी फडताळं उघडली होती. छबूबाईंच्या फडताळात बटरचा अर्धा पुडा होता आणि दोन कांदे. एकीकडं तर काल वाटलेली चिवड्याची पुडी होती, निम्मी आजसाठी दुमडून ठेवलेली.

सर्जेरावांनी दारात उभं राहून खणखणीत आवाजात वीसही म्हाताऱ्यांना नावानिशी चूलबंद आवतन दिलं. ती माणसं पहिल्याच पंगतीत, पुरुषांना सरकवून बसली. आणि मग मोहनरावांनी जयघोष केला. तो इतका मनापासून झाला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली.

पुढं बराच वेळ समाजमंदिरात फक्त जेवण्याचा आवाज होता. माशांचा विषय कुणी काढला नाही. युवराजानं पाच भाकऱ्या खाल्ल्यावर "पाचशेचं ताट असंल बाबा" असं मान्य केलं. मोहनरावांनी मीठ, तिखट, कड आणि मधोमध, सगळं दोन दोनदा तपासलं. बायकांची पंगतही उठली आणि भाकरी उरली.

निकिता पेटी घेऊन छबूबाईंकडं आली. "आजी, आहेर. किती म्हणून सांगू लोकांना?"

"पैशे?" छबूबाई म्हणाल्या. "पैशे काय चावू? दात न्हाईत मला." त्यांनी काठी आपटली. "ज्या बाईनं ज्या चुलीवर भाकरी थापली, तिनं रोज तितं एक भाकरी न्यायची. आन दाराला अडकवून पळायचं न्हाय. बसायचं. मी जेवूस्तवर बोलायचं. ह्यो आहेर."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पण ते बहुधा वाटेतच ठरलं असावं. "नेऊ की," एक म्हणाली. "एका भाकरीला काय पीठ लागतंय?" दुसरी म्हणाली. तिसरीनं आमटीचंही कबूल केलं.

निकितानं पेटी खाली ठेवली. तिच्या हळूहळू लक्षात येत होतं. "म्हणजे तात्या, आता डब्यांची गरजच नाही! पैसे गोळा करायचीसुद्धा गरज नाही. मंडळाचं कामच झालं!"

"बरं झालं बाई," सर्जेराव म्हणाले. "आता कुपनं नगं."

"डेअरीची खोली सोडून देऊ," सरपंच म्हणाले. "रंगूबाईचे गुडघे तरी सुटतील."

रंगूबाई भांडी गोळा करत होती. ती थांबली. तिनं मोहनरावांकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते. "अध्यक्ष, दोन शब्द," कुणी तरी ओरडलं; आता पोटं भरलेली असल्यामुळं त्याला कुणाची हरकत नव्हती.

मोहनराव भिंतीला धरून उठले. हार सरळ केला. समोर सगळं गाव होतं, आणि वीस म्हाताऱ्यांजवळ एकेक बाई उद्याच्या वेळा ठरवत बसली होती. त्यांच्या मानाच्या पानाजवळ कुणी नव्हतं. अध्यक्षांना भाकरी नेऊन द्यायची म्हणजे त्यांचा अपमानच.

"भूक हा मानवजातीचा आद्य शत्रू होता," मोहनराव म्हणाले. "आज, पिंपळमळ्यात, आपण त्याचा शेवट केला. इथून पुढं या गावात एकही माणूस उपाशी राहणार नाही, असं मी अध्यक्ष म्हणून जाहीर करतो. मंडळ विसर्जित झालं."

टाळ्यांनी समाजमंदिराचं पत्र्याचं छत वाजलं. दुसरा हार पडला. सरपंचांनी मिठी मारली. कुणी तरी फोटो काढला, त्यात मोहनरावांची नजर उरलेल्या भाकऱ्यांच्या टोपल्याकडं आहे.

मग लोक पांगले. छबूबाई काठी टेकत दाराकडं निघाल्या, तेव्हा मोहनराव घाईनं त्यांच्यामागं आले आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "काकी."

"आता काय? आजून भाषान ऱ्हायलंय?"

"न्हाय, तसं न्हाय. उद्या तुमच्याकडं भाकरी यायची... आता मंडळ न्हाय, म्हंजे बगनारं कुनी न्हाय. कच्चीबिच्ची असंल, मीठ जास्ती पडलं असंल. तुमी म्हातारं मानूस." त्यांनी गळ्यातले दोन्ही हार काढून हातात घेतले. "मी जरा चव बघाया येऊ का?"